बाहेरून दहावी देतेय, गणितात चार ठिकाणी अडलेय, कोणी समजावेल का (नाशिक)

सिडकोकर_ताई:
नमस्कार सगळ्यांना. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. नववीनंतर शाळा सुटली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहे, सकाळी सातची शिफ्ट, साडेतीनला सुटते, घरी येऊन स्वयंपाक आवरून रात्री नऊ ते अकरा अभ्यास करते. मराठी, इतिहास, विज्ञान वाचून वाचून जमतंय पण गणित नुसतं वाचून येत नाही हो. कॉलेज रोडला एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते तर तिथले म्हणाले ताई तुम्ही पस्तीसपुरतं पाठ करा, भूमितीच्या नादी लागू नका. मला ते पटलं नाही. पास तर व्हायचंच आहे पण मुलगी आठवीत आहे, ती वही घेऊन आली की तिला सांगता आलं पाहिजे, म्हणून समजून घ्यायचंय.

चार उदाहरणं देते, कुठे अडले तेही लिहिते म्हणजे माझी चूक नेमकी कुठे होते ते तुम्हाला दिसेल.

पहिलं: दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटे केल्यावर येणारी संख्या यांची बेरीज १२१, एकक अंक दशक अंकापेक्षा ३ ने मोठा, तर संख्या कोणती. मी दशकाचा अंक क्ष धरला, एककाचा य धरला, मग संख्या झाली क्षय आणि उलटी यक्ष, दोघींची बेरीज २क्षय = १२१. इथे थांबले कारण १२१ ला २ ने भागच जात नाही.

दुसरं: एक गाडी १८० किलोमीटर एकसारख्या वेगाने जाते, वेग ताशी १५ किलोमीटर जास्त असता तर एक तास कमी लागला असता, वेग काढा. इथे समीकरणच मांडता येत नाही, आणि कोणी मांडून दिलं तरी पुढे अवयव पाडायला कोणते आकडे घ्यायचे ते शोधण्यात अर्धा तास जातो.

तिसरं: ०, १, २, ३, ४ हे अंक घेऊन, एक अंक पुन्हा न वापरता, दोन अंकी संख्या किती होतील. मी २० म्हणतेय, उत्तर १६ आहे. त्याच्याखाली पाच जणांतून दोघांची समिती किती प्रकारे, तिथेही मी २० काढले तर उत्तर १०. दोन्हीकडे पाचातून दोनच घ्यायचे आहेत मग तीन वेगळे आकडे कसे काय?

चौथं: काटकोन त्रिकोण, काटकोनाच्या बाजू ९ आणि १२ सेमी, आत एक वर्तुळ आहे ते तिन्ही बाजूंना टेकलंय, त्याची त्रिज्या काढा. कर्ण १५ आला (८१ आणि १४४ मिळून २२५, एवढं येतं मला), पुढे काही सुचतच नाही. आकृतीकडे नुसती बघत बसते.

देवळाली_कॅम्प:
ताई, मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, आता रिटायर आहे. पहिल्या उदाहरणातली तुमची चूक मी कितीतरी वह्यांमध्ये बघितलीये, हुशार पोरांच्या सुद्धा, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. आणि २क्षय = १२१ आल्यावर तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत, बरेच जण ६०.५ लिहून पुढे जातात.

चूक अशी आहे की बीजगणितात दोन अक्षरं शेजारी लिहिली की त्याचा अर्थ गुणाकार. पण ४७ लिहिताना ४ आणि ७ शेजारी आहेत तिथे गुणाकार नाहीये, ४ गुणिले ७ तर २८ होतात. मग ४७ म्हणजे काय? तुमच्या पर्समध्ये दहाच्या चार नोटा आणि एकेकाची सात नाणी, एवढंच. ४ ची किंमत ४ नाही, दहाच्या चार नोटा आहेत म्हणून चाळीस. म्हणजे दशकाचा अंक क्ष असेल तर त्याची किंमत १०क्ष, आणि अख्खी संख्या १०क्ष + य. उलटी केली की नोटा य झाल्या आणि नाणी क्ष झाली, म्हणजे १०य + क्ष.

आता बेरीज करा. १०क्ष + य + १०य + क्ष, म्हणजे ११क्ष + ११य = १२१. सगळ्याला ११ ने भागा, क्ष + य = ११. दुसरी अट य − क्ष = ३. दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहून मिळवा, क्ष उडाला, २य = १४, य = ७, क्ष = ४. संख्या ४७. ताळा करून बघा, ४७ आणि ७४ मिळून १२१, आणि ७ हा ४ पेक्षा ३ ने मोठा. ताळा पेपरात मागितलेला नसला तरी कच्च्या कामाच्या जागेत करायचाच, त्याला अर्धं मिनिट लागतं.

बाकीच्या तीनवर कोणी लिहिणार असेल तर लिहा, मी जेवून येतो.

अकरावी_नाशिकरोड:
ताई दुसरं मी सांगतो, मागच्याच वर्षी दहावी दिलीये त्यामुळे ताजं आहे. हे बघा, १८० किमी ताशी ६० ने गेलो तर किती तास? ३. हे तुम्ही मनात कसं केलं, १८० ला ६० ने भागलं ना? मग वेग माहीत नाही तर त्याला क्ष म्हणायचं आणि १८० ला क्ष ने भागायचं, तो झाला खरा लागलेला वेळ. वेग १५ ने जास्त असता तर भागायचं क्ष + १५ ने. पहिला वेळ मोठा, दुसरा लहान, दोघांत फरक एक तासाचा:

१८०/क्ष − १८०/(क्ष + १५) = १

मला आमच्या बाईंनी सांगितलं होतं की समीकरण जमत नसेल तर आधी कुठलाही एक आकडा घालून उदाहरणाची गोष्ट चालवून बघायची. समजा वेग ३०, तर ६ तास. १५ जास्त म्हणजे ४५, तर ४ तास. फरक २ तासांचा, आपल्याला १ हवाय, म्हणजे ३० नाही, वेग जास्त पाहिजे. असं केलं की कशाला कशाने भागायचं ते आपोआप कळतं, मग तेच क्ष ने लिहायचं फक्त.

आता दोन्ही छेदांनी गुणा. १८०(क्ष + १५) − १८०क्ष = क्ष(क्ष + १५). डावीकडे १८०क्ष उडाले, राहिले १८० × १५ = २७००. म्हणजे क्ष(क्ष + १५) = २७००. इथे लगेच सगळं एका बाजूला नेऊ नका, एक सेकंद थांबून बघा काय म्हणतंय ते, दोन संख्या ज्यांच्यात १५ चा फरक आणि गुणाकार २७००. त्या दोघी २७०० च्या वर्गमुळाच्या अलीकडे पलीकडे असणार. ५२ चा वर्ग २७०४, म्हणजे एक ५२ च्या सात आठ खाली आणि एक सात आठ वर. ४५ आणि ६०. गुणून बघा, २७००. वेग ताशी ४५ किमी. १८० भागिले ४५ चार तास, १८० भागिले ६० तीन तास, एक तासाचा फरक, बरोबर.

बचतगट_पाथर्डीफाटा:
सिडकोकर ताई मी तुमच्या जवळच राहते, पाथर्डी फाट्याला. मी काही शिक्षिका नाही पण तुमचं तिसरं वाचलं आणि वाटलं हे तर आपल्या गटाचंच आहे म्हणून लिहितेय, चुकलं तर सर सांगतील.

समजा गटात पाच जणी आहेत, एक अध्यक्ष आणि एक सचिव निवडायची. अध्यक्ष कोण तर पाचातली कोणीही, ती झाली की सचिव उरलेल्या चौघींतली कोणीही. पाच चोक वीस. सुनंदा अध्यक्ष आणि लता सचिव हे वेगळं, लता अध्यक्ष आणि सुनंदा सचिव हे वेगळं, बरोबर ना, कारण सही कोणाची कुठे ते बदलतं.

आता दुसरं, पासबुक भरायला बँकेत दोघींना पाठवायचंय. सुनंदा आणि लता गेल्या काय, लता आणि सुनंदा गेल्या काय, रिक्षात बसणाऱ्या त्याच दोघी. पण वीस मोजताना ही जोडी आपण दोनदा मोजली, प्रत्येकच जोडी दोनदा मोजली, म्हणून वीसचे निम्मे दहा. विश्वास बसत नसेल तर नावं लिहून बघा, पहिलीच्या चौघींबरोबर चार जोड्या, दुसरीच्या (पहिली सोडून) तीन, मग दोन, मग एक, ४ + ३ + २ + १ = १०.

मी स्वतःला एवढंच विचारते की नावं अदलाबदल केली तर गोष्ट बदलते का. बदलत असेल तर वीस, नसेल बदलत तर निम्मे.

आता अंकांचं. १२ आणि २१ वेगळ्या संख्या आहेत म्हणजे गोष्ट बदलते, म्हणजे वीस. पण त्या वीसमध्ये ०१, ०२, ०३, ०४ असे चार आले, ते दोन अंकी नाहीतच, ०१ म्हणजे नुसता १. चार काढा, राहिले १६. शून्याला अध्यक्ष करता येत नाही असं समजा.

देवळाली_कॅम्प:
बचतगटवाल्या ताईंनी जे सांगितलं ते तसंच्या तसं वर्गात सांगावं इतकं नेमकं आहे. संभाव्यतेच्या प्रकरणात नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायला सांगतात तेव्हा ताई तुम्ही सगळ्या संख्या लिहा, पण उड्या मारत लिहू नका, दशकात १ धरून सगळ्या, मग २ धरून सगळ्या: १०, १२, १३, १४, पुढची ओळ २०, २१, २३, २४, मग ३०, ३१, ३२, ३४, मग ४०, ४१, ४२, ४३. चार ओळी, प्रत्येकीत चार. अशा ओळी पाडल्या की राहून गेलेली लगेच डोळ्यांना टोचते.

आता याच सोळांपैकी सम संख्या किती ते तुम्ही सांगा, न लिहिता, नुसतं मोजून. उत्तर मी देत नाही.

दुसऱ्या उदाहरणाबद्दल. अकरावीच्या मुलाने छान सांगितलं, समीकरण मांडायच्या आधी आकडा घालून बघणं ही फार चांगली सवय आहे. पण वर्गमुळाच्या आसपास शोधणं प्रत्येक वेळी जमत नाही, उत्तर अपूर्णांकात असलं की अडतं. तिथे आपल्याकडची जुनी रीत आहे, श्रीधराचार्यांची. त्यांचं बीजगणितावरचं मूळ लिखाण हाती नाही पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्यांचा नियम त्यांच्या नावानिशी उतरवून ठेवला म्हणून तो टिकला. नियम असा की वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या (म्हणजे क्ष वर्गाला गुणणाऱ्या आकड्याच्या) चौपटीने गुणायचं आणि मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा.

करून बघू. क्ष वर्ग + १५क्ष = २७००. क्ष वर्गाचा सहगुणक १, त्याची चौपट ४, चाराने गुणलं: ४क्ष वर्ग + ६०क्ष = १०८००. मधला सहगुणक १५, त्याचा वर्ग २२५, तो दोन्हीकडे मिळवला: ४क्ष वर्ग + ६०क्ष + २२५ = ११०२५. आता डावी बाजू नीट बघा, ती (२क्ष + १५) चा पूर्ण वर्ग आहे. उजवीकडे ११०२५ म्हणजे १०५ चा वर्ग. मग २क्ष + १५ = १०५, २क्ष = ९०, क्ष = ४५. अवयव शोधले नाहीत, साडेसातचा वर्ग वगैरे अपूर्णांक आले नाहीत. पुस्तकात पूर्ण वर्ग पद्धत आहे तिच्यात १५ चे निम्मे करावे लागतात आणि पोरं तिथे घसरतात, चाराने आधीच गुणलं की ती कटकट संपते. आणि सूत्र पद्धतीतलं ते मोठं सूत्र दुसरंतिसरं काही नाही, हेच सगळं आकड्यांऐवजी अक्षरांनी केलेलं आहे. म्हणून सूत्र ऐन वेळी आठवलं नाही तरी घाबरू नका, चौपटीने गुणायचं आणि वर्ग मिळवायचा.

टर्नर_सातपूर:
चौथं मी घेतो. सातपूर एमआयडीसीत टर्नर आहे, बावीस वर्षं लेथवर, आयटीआय केलंय, भूमिती मला शाळेत नाही कळली ती मशीनवर कळली.

ताई वर्तुळ रेषेला टेकलेलं दिसलं की डोळे झाकून एक काम करायचं, केंद्रापासून टेकलेल्या बिंदूपर्यंत त्रिज्या ओढायची. ती रेषेला काटकोनातच असते, पुस्तकात स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय म्हणतात. तुम्ही आकृतीकडे बघत बसता म्हणालात, मी पण बसायचो, कारण दिलेल्या आकृतीत उत्तर नसतंच, एक दोन रेषा आपण ओढल्याशिवाय ती बोलत नाही.

त्रिकोण अबक काढा, ब ला काटकोन, अब ९, बक १२, अक १५. वर्तुळ तीन बाजूंना तीन ठिकाणी टेकलंय, तिन्हीकडे त्रिज्या ओढा. आता ब च्या कोपऱ्यात बघा, दोन त्रिज्या आणि बाजूंचे दोन तुकडे मिळून एक चौकोन झाला, सगळे कोपरे काटकोनात आणि लागूनच्या दोन बाजू त्रिज्येएवढ्या, म्हणजे तो चौरस आहे. म्हणजे ब पासून दोन्ही बाजूंवर टेकण्याच्या बिंदूपर्यंतचं अंतर त्रिज्येएवढंच. त्रिज्येला त्र म्हणू. मग अब चा उरलेला तुकडा ९ − त्र, बक चा उरलेला १२ − त्र.

आता दुसरी गोष्ट, बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या की दोन्ही तुकडे सारखे. म्हणून अ पासून कर्णावरचा तुकडा पण ९ − त्र, क पासून कर्णावरचा पण १२ − त्र. दोघं मिळून अख्खा कर्ण. ९ − त्र + १२ − त्र = १५. २१ − २त्र = १५. त्र = ३. झालं.

ताळा पाहिजे तर क्षेत्रफळाने करा. त्रिकोणाचं ९ गुणिले १२ चे निम्मे, ५४. आणि केंद्रापासून तिन्ही शिरोबिंदूंना रेषा जोडल्या तर तीन त्रिकोण होतात, प्रत्येकाची उंची त्रिज्या म्हणजे ३, पाये ९, १२, १५ मिळून ३६, ३६ गुणिले ३ चे निम्मे परत ५४. जुळलं.

तुमच्या त्या क्लासवाल्यांनी भूमिती सोडा सांगितलं ते वाचून वाईट वाटलं म्हणून एक सांगतो. आमच्याकडे जुन्या मशीनचं तुटलेलं चाक येतं, अर्धं पण नसतं, एक तुकडा असतो फक्त, आणि तसंच नवीन करून पाहिजे असतं. त्रिज्या कशी काढणार, केंद्रच नाहीये. मी त्या तुकड्याच्या दोन टोकांवर पट्टी ठेवतो, समजा २४ सेमी, ही झाली जीवा. मग पट्टीच्या बरोबर मधोमध कंस किती वर गेलाय ते मोजतो, समजा ४ सेमी. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो हे नववीतलं, म्हणून एक काटकोन त्रिकोण मिळतो, कर्ण त्र, एक बाजू १२, दुसरी त्र − ४. पायथागोरस लावा, त्र वर्ग = (त्र − ४) वर्ग + १४४. उजवीकडे सोडवलं की त्र वर्ग − ८त्र + १६ + १४४. त्र वर्ग दोन्हीकडचा उडाला, ८त्र = १६०, त्र = २० सेमी. चाक चाळीस सेमी व्यासाचं होतं. हे मला एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलं, त्यांच्या तोंडात प्रमेय हा शब्द कधी आला नाही. गवंडी सुद्धा पाया आखताना ३, ४, ५ धरून गुण्या जुळवतो, तेच पायथागोरस.

पिंपळगाव_मार्केट:
पहिल्या उदाहरणात दोन समीकरणं आली त्यावरून लिहितो. आमच्याकडे टोमॅटोच्या जाळ्या भरतात त्याचा हिशेब असाच असतो. समजा गाडीत ६० जाळ्या, काही २० किलोच्या काही २५ किलोच्या, काट्यावर माल भरला १३२० किलो (जाळीचं वजन वजा करून). कोणत्या किती? माझे वडील दुसरी शिकलेले, ते म्हणायचे सगळ्या २० च्याच समज, मग १२०० व्हायला पाहिजे होते, १२० जास्त का आले, कारण २५ ची प्रत्येक जाळी ५ किलो जास्त आणते, १२० ला ५ ने भाग, २४ जाळ्या मोठ्या, ३६ लहान.

मी शाळेत हेच क्ष + य = ६० आणि २०क्ष + २५य = १३२० असं केलं, पहिल्याला २० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं, ५य = १२०. ज्या दिवशी लक्षात आलं की २० ने गुणणं म्हणजे वडिलांचं सगळ्या २० च्या समज हेच आहे त्या दिवसापासून मला एकसामयिक समीकरणं कधी अवघड गेली नाहीत.

सिडकोकर_ताई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री साडेबारापर्यंत बसले होते, चारही उदाहरणं वही बंद करून पुन्हा सोडवली. तीन जमली, वर्तुळाचं एकदा चुकलं कारण अ पासूनचा तुकडा मी १२ − त्र लिहिला होता, मग परत आकृती मोठी काढली आणि सारखे तुकडे एका रंगाच्या पेनने केले तेव्हा दिसलं.

सर तुमचा प्रश्न, सम संख्या किती. एककात ० असेल तर दशकात १, २, ३, ४, चार झाल्या. एककात २ असेल तर दशकात १, ३, ४, तीन. एककात ४ असेल तरी तीन. मिळून १०. मग विषमही मोजल्या, एककात १ असताना तीन, ३ असताना तीन, सहा. १० आणि ६ सोळा, म्हणजे बरोबर असावं.

आता दोन प्रश्न. एक, वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात म्हणतात ना, तुमच्या रीतीत २क्ष + १५ = १०५ घेतलं, उणे १०५ घेतलं तर क्ष = −६० येतो. तो लिहायचा का सोडून द्यायचा?

दुसरा प्रश्न अभ्यासातला नाहीये. मुलीला १०क्ष + य चं समजावताना तिने बेरजेऐवजी वजाबाकी केली, ७४ वजा ४७, २७ आले. मग ८३ वजा ३८, ४५. ९१ वजा १९, ७२. आम्ही दोघींनी पंधरा वीस संख्या घेतल्या, प्रत्येक वेळी ९ च्या पाढ्यातलंच उत्तर. हे नेहमीच होतं का?

अकरावी_नाशिकरोड:
ताई −६० लिहायचा, आणि पुढच्या ओळीत लिहायचं की वेग ऋण असू शकत नाही म्हणून क्ष = −६० अग्राह्य. नुसता सोडून देऊ नका, प्रत्येक पायरीला मार्क असतात. उदाहरण नुसत्या संख्यांचं असेल, वेग वय लांबी असं काही नसेल, तर मात्र ऋण उत्तरही चालू शकतं, तिथे दोन्ही ठेवायची.

देवळाली_कॅम्प:
सम विषमची बेरीज करून तुम्ही स्वतःच ताळा केलात, आता मला तुमची काळजी नाही.

९ च्या पाढ्याचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. मोठी संख्या १०क्ष + य, उलटी १०य + क्ष, वजा करा: ९क्ष − ९य, म्हणजे ९(क्ष − य). दोन अंकांत जेवढा फरक त्याच्या नऊपट, नेहमी. ७ आणि ४ मध्ये ३ चा फरक म्हणून २७. बेरीज करताना ११ बाहेर आले होते, वजाबाकीत ९. वीस संख्या करून बघितल्यावर एकविसावी चुकेल का अशी शंका राहते, अक्षरं घातली की सगळ्या संख्या एका ओळीत तपासून होतात. बीजगणित कशासाठी असं मुलीने विचारलं तर हे दाखवा.

आणि तुम्ही दोघी ज्या वाटेने निघालात ना ती वाट आपल्या देवळालीतून जाते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, फर्ग्युसनला शिकले आणि १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. मोठं विद्यापीठ नाही, संशोधनाची नोकरी नाही, संख्यांशी खेळत राहिले. १९४९ मध्ये त्यांना एक गोष्ट सापडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि जे येईल त्याला पुन्हा तेच करा. समजा ३५२४. ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२. पुढे ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ ला करा, ७६४१ − १४६७ = ६१७४. तिथेच थांबलं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचता. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हयातीत त्यांना आपल्याकडे फार कोणी विचारलं नाही, १९७५ मध्ये अमेरिकेच्या एका विज्ञान मासिकात गणितातल्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा बाहेर नाव झालं, १९८६ ला ते गेले. त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असं नाव सुद्धा दिलंय.

मुलीला एक काम द्या. चार अंकी नको, तीन अंकी घेऊन हेच करा, कुठे थांबतं बघा, आणि का ते १००अ + १०ब + क मांडून शोधा. घाई नाही, तुमची परीक्षा आधी.

सिडकोकर_ताई:
सर, राहवलं नाही, रविवारी सुट्टी होती, दुपारी दोघी बसलो.

तीन अंकीत ४९५ ला थांबतं. आम्ही ३९६ घेतली, ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५. मुलीने १९८ घेतली, तिला ७९२, ६९३, ५९४, ४९५ असं लागलं, आणि तीच आधी म्हणाली की आई मधे सारखा ९ च येतोय. मग मी मांडलं. अ सगळ्यात मोठा, क सगळ्यात लहान. १००अ + १०ब + क मधून १००क + १०ब + अ वजा केलं, मधला १०ब दोन्हीकडे आहे म्हणून उडाला, राहिलं ९९अ − ९९क, म्हणजे ९९(अ − क). म्हणजे मधला अंक काही का असेना फरक पडत नाही, पहिल्या आणि शेवटच्या अंकात जेवढा फरक तेवढे ९९. आणि ९९ चा पाढा लिहिला, ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१, खरंच सगळ्यात मधे ९ (पहिल्याला ०९९ म्हटलं तर). एका पायरीनंतर या नऊच संख्या उरतात, मग नऊच्या नऊ करून बघितल्या, सगळ्या ४९५ ला जातात.

मधे ९ च का ते पण जमलं असं वाटतं, बघा बरोबर आहे का: ९९ च्या पटीत म्हणजे शंभराच्या तितक्या पटीतून तेवढेच वजा. ७०० वजा ७, म्हणजे सहाशे आणि वर ९३. शतकातला एक फोडला की ९० मधे आलेच.

चार अंकीला असंच मांडायला गेले तर मधले दोन अंक उडत नाहीत, तिथे अडलेय.

देवळाली_कॅम्प:
बरोबर आहे, पूर्ण बरोबर, आणि नऊच्या नऊ करून बघणं हीच त्याची सिद्धता झाली.

चार अंकीत मधले उडणार नाहीत कारण ते जागा बदलतात. अ, ब, क, ड उतरत्या क्रमाने घ्या, १०००अ + १००ब + १०क + ड मधून १०००ड + १००क + १०ब + अ वजा करा. अ चे ९९९ राहतात, ड चे तेवढेच जातात, ब चे ९० राहतात, क चे ९० जातात. म्हणजे ९९९(अ − ड) + ९०(ब − क). आता दोन फरक हातात ठेवायचे, बाहेरचा आणि मधला. बाहेरचा १ ते ९, मधला ० पासून बाहेरच्याएवढा. अशा जोड्या किती होतात ते बचतगटवाल्या ताईंच्या रीतीने ओळी पाडून मोजा, मग पुढचं बोलू.